सक्करै पोंगलमध्ये (तांदूळ-मूगडाळीचा तमिळ गोड भात) गूळ नक्की कधी घालायचा?

कोइंबतूरवासी: नोकरीमुळे सध्या कोइंबतूरला आहोत, पोंगलला (इथला संक्रांतीचा सण) शेजारच्या पाट्टींकडे (आजींकडे) सक्करै पोंगल खाल्लं आणि अक्षरशः वेड लागलंय, पुढच्या वर्षी घरी करायचंय, गूळ तांदळासोबतच टाकायचा का?

मैलापूरची_सून: अजिबात नाही! गूळ आधी पडला की दाणा पुढे शिजतच नाही. एक वाटी नवा तांदूळ, पाव वाटी मूगडाळ कोरडी खमंग भाजून, दूध-पाणी मिळून पाच वाट्या, पार गिच्च शिजू दे, मग दोन वाट्या गूळ पाण्यात विरघळवून गाळून घाल, खडे असतात त्यात. वरून तुपात तळलेले काजू-बेदाणे आणि वेलची. खायचा कापूर म्हणजे पच्चकर्पूरम मोहरीएवढाच, जास्त झाला की कडू लागतं, आणि पूजेचा कापूर चुकूनही नको!!

फिल्टरकापी: +१. कुकर वापरलास तरी आधी पातेल्यात दूध उतू जाऊ दे ग, तोच तर सण आहे. आमच्याकडे अंगणात मडक्याला हळदीचं ओलं रोप बांधतात, फेस काठावरून ओघळला की सगळे 'पोंगलो पोंगल' ओरडतात, त्यानंतरच तांदूळ पडतो.

कोइंबतूरवासी: मस्त, थँक्यू दोघींना! मडकं आणतेच.