शब्दचर्चा : ‘मझल’ म्हणजे तोंड, मग ‘क्राऊन’ म्हणजे काय?

भाषांतरवाली : रायफल नेमबाजीवरचा एक तांत्रिक मजकूर मराठीत करतेय. ‘मझल’ला मी ‘नळीमुख’ लिहिलं, संपादकांनी ते खोडून ‘नळीचे टोक’ केलं. तिथवर चालवून घेतलं असतं, पण पुढच्याच परिच्छेदात ‘मझल क्राऊन’ आला आणि गाडी अडली. ‘मुकुट’ लिहिला तर वाचणारा हसेल. जाणकारांनी मदत करा.

मोडीवाचक : ताई, ‘नळीमुख’ही नको आणि ‘टोक’ही नको. सरळ ‘तोंड’ लिहा. ‘तोफेच्या तोंडी देणे’ आपण आजही म्हणतो, तोफेच्या टोकाला कुणी देत नाही. टोक भाल्याला असतं. ज्यातून काही आत जातं किंवा बाहेर पडतं ते तोंड. ठासणीच्या बंदुकीत तर दोन्ही व्हायचं, दारू-गोळी तोंडातूनच घालून गजाने ठासायची आणि बारही तिथूनच. जुन्या तोड्याच्या बंदुका संग्रहालयात पाहा, काहींच्या नळीचं तोंड चक्क वाघाचा जबडा करून घडवलेलं असतं. कारागिराला शब्दाची शंका नव्हती.

पिंपरीचा टर्नर : तोंडाला अनुमोदन. आता क्राऊनचं. नळी कापली की तिच्या आतल्या भोकाची जी शेवटची गोल कड राहते, ती लेथवर फेसिंग करून (म्हणजे तोंड सपाट कापून), बर (कापताना उरलेली धातूची कुसळं) काढून, हलका चॅम्फर (म्हणजे तिरका उतार) देऊन पक्की करतात. ते काम म्हणजे क्राऊनिंग. कड भोकाच्या अक्षाला बरोबर काटकोनात हवी. कुणी तोंड सपाट ठेवतो, कुणी 11 अंशांचा उतार देतो, कुणी गोलाई देतो, कुणी कड आत खोलगट घेतो, म्हणजे रायफल कुठे आपटली तरी मार बाहेरच्या रिंगणावर बसतो. आकार कुठलाही चालेल, पण भोकाभोवती सगळीकडे सारखा हवा. आमच्या शॉपमध्ये असल्या जागेला नुसतं ‘कड’ म्हणतात.

भाषांतरवाली : पण एवढ्याशा कडेने नेमात फरक पडतो? म्हणजे तांब्याचा काठ चेपला की धार वाकडी पडते, तसंच का?

रेंजवरची : तसं नाही. पाणी काठाला चिकटून वळतं, गोळी काठाला चिकटत नाही. गोळी नळीतल्या पेचदार खाचांमुळे गरगरत बाहेर येते. तिचा बुडखा कडेपासून सुटला की मागचा दाबलेला वायू मोकळा होतो आणि क्षणभर गोळीलाही मागे टाकून पुढे धावतो. कड सगळीकडे सारखी असेल तर वायू चहूबाजूंनी एकदम सुटतो. एका जागी चीर किंवा बर असेल, तर तिथून आधी निसटतो आणि बुडख्याला एका अंगाने ढुशी बसते. मग गोळी डुलत जाते. अमेरिकेतले डॉ. फ्रँकलिन मान यांनी 1900च्या आसपास मुद्दाम खराब केलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या होत्या. गोळीचं नाक बिघडवलं तर लक्ष्यावर विशेष फरक पडेना, बुडखा बिघडवला की गोळ्या भरकटायच्या. कडेची ढुशी नेमकी त्या बुडख्यालाच बसते.

आणि इथे ‘नेम’ शब्दही जपून वापरा हं. नेम नेमबाजाचा असतो. कड बिघडली की नेम बरोबर असूनही गोळ्या विखुरतात. रेंजवर आम्ही ‘ग्रुप फुटला’ म्हणतो. सगळ्या गोळ्या डावीकडे जात असतील तर साइट (नेम धरायचं साधन) तिच्या नॉबने फिरवून भागतं. ग्रुप फुटला तर साइटला हात लावून काय उपयोग? मुलं तरी तासभर नॉब फिरवत बसतात, आणि त्यांचे वडील नेमबाजीची नवी जॅकेटं घेऊन देतात!

पिंपरीचा टर्नर : ताई, तुम्ही ती कड तपासता कशी? आम्ही भिंगाखाली धरतो.

रेंजवरची : रायफल रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढून, कान कोरायची कापसाची काडी आतून बाहेर अशी कडेवरून सगळीकडे फिरवायची. बर असेल तर कापसाचा एखादा तंतू तिथे अडकून राहतो. दुसरी खूण म्हणजे काजळी. पॉइंट टू-टूच्या (0.22 इंची गोळीच्या) नळीच्या तोंडावर शिशाचा आणि दारूचा राखाडी तारा उमटतो. पाकळ्या सारख्या असल्या तर वायू सारखा सुटतोय. एक पाकळी लांबट दिसली की शंका घ्यायची. बऱ्याचदा कड बिघडते ती गोळीने नव्हे, साफसफाईने. तोंडातून सळई घालून खसाखसा घासलं की तीच झिजते. म्हणून सळई मागून घालायची, आणि पुढे बाहेर आलेलं फडकं तिथेच काढून घ्यायचं.

मोडीवाचक : ठासणीवाल्यांना तो मार्गच नव्हता, त्यांना प्रत्येक बाराला गज तोंडातूनच घालावा लागे. त्यावर अमेरिकेत आल्व्हन क्लार्क याने 1840 साली पेटंट घेतलं. नळीच्या तोंडावर एक सुटा तुकडा खुंट्यांनी बसवायचा, त्यातून गोळी ठासायची, आणि झाडण्याआधी तो काढून ठेवायचा. झीज तुकड्याची, खरी कड शाबूत. हाच क्लार्क पुढे दुर्बिणीची भिंगं घासण्यात नावाजला. यर्कीस वेधशाळेचं 40 इंची भिंग त्याच्याच कारखान्याचं. त्या तुकड्याला मी बेधडक ‘खोटं तोंड’ म्हणेन.

नवा सभासद : मध्येच विचारतो. ए.के.एम. (ए.के.-47ची सुधारित आवृत्ती) रायफलीचं तोंड तर कलमासारखं तिरकं कापलेलं दिसतं. मग ती नेम धरते कशी?

पिंपरीचा टर्नर : ते नळीचं तोंड नाहीच. आट्यांवर फिरवून बसवलेला वेगळा तुकडा आहे. गोळी त्याला शिवत नाही. आतली खरी कड सरळच असते. झाडताना तोंड वर आणि उजवीकडे उसळतं, म्हणून तिरक्या ओठावर वायू आपटवून ते उलट दिशेला दाबायचं, एवढंच त्याचं काम. लागोपाठ झाडताना उपयोग, पहिल्या गोळीला नाही.

रेंजवरची : आणि ऑलिंपिकच्या रायफलीवर असली उसळी दाबणारी साधनं चालतच नाहीत. पुढे लांबवलेली नळी चालते, पण ती गोळीपेक्षा रुंद असते. तिने फक्त पुढची साइट दूर जाते. स्वप्नील कुसळेने पॅरिसला 2024 मध्ये कांस्य मिळवलं त्या 50 मीटर प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. 10 मीटर एअर रायफलीत दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तिथे दारू नाही, तरी दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलतेच. म्हणून तोंडापुढे एक शंकू बसवतात, तो हवा बाजूला काढतो. आम्ही त्याला ‘स्ट्रिपर’च म्हणतो, मराठी शब्द कुणी मागितला नाही.

भाषांतरवाली : तर मग मझल = तोंड, क्राऊन = तोंडाची कड, क्राऊनिंग = कड साधणे. ‘काठ’ही मनात होता, पण तो तांब्याकडे नेतो. संपादकांना हाच धागा पाठवते. ‘स्ट्रिपर’ला ‘हवाकाढ्या’ सुचतोय.

पिंपरीचा टर्नर : ‘हवाकाढ्या’ पंक्चरवाल्याला द्या. स्ट्रिपरच राहू दे.