गनिमी बागकाम: भिरकावलेल्या बियांचे अनुभव

माझ्या जुन्या जॅकेटच्या उजव्या खिशाला भोक आहे, हे मला रोपांनी सांगितलं.

गुलबाक्षीच्या बिया, काळ्या, सुरकुतलेल्या, मिरीच्या दाण्याएवढ्या, मी खिशात बाळगायचे. चालताना मोकळी जागा दिसली की टाकायची. विजेच्या खांबाचं बूड, भिंत आणि फुटपाथ यांच्यातली फट, कधीचं बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीची कड. अगदी ऊन कुठून येतं ते बघून, विचारपूर्वक. त्यातलं एकही आलं नाही. आली ती मी रोज घरी परतते त्या बाजूला, वेड्यावाकड्या रांगेत सात रोपं. तिथे मी काहीच टाकलं नव्हतं! दोन दिवस डोकं खाजवलं, मग खिशात हात घातला तर बोट अस्तरातून आरपार.

हा धागा अशाच उद्योगांसाठी. आपली नसलेली, कुणाचंच लक्ष नसलेली जागा, आणि तिथे गुपचूप सोडलेलं बी. इंग्रजीत याला गरिला गार्डनिंग म्हणतात. आपल्याकडे गनिमी कावा असताना दुसरा शब्द कशाला शोधायचा? नाव रूढ झालं ते न्यूयॉर्कमध्ये. १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी ‘ग्रीन गरिलाज’ नावाचा गट काढला. कुंपण घातलेल्या पडीक जागांमध्ये ते बिया भरलेले फुगे आणि गोळे भिरकवायचे. बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्याने भरलेली जागा त्यांनी साफ केली, तिथे बाग केली, आणि ती आज क्रिस्टीच्याच नावाने ओळखली जाते.

कृती नकोत, त्या कुठेही मिळतात. तुम्ही काय टाकलं, कसं टाकलं आणि पुढे काय झालं ते लिहा. न उगवलेलं आधी लिहिलंत तर जास्त आवडेल.

*

न उगवलेलं म्हणताय तर आमचा नंबर पहिला.

मुलांना घेऊन दोनशे बीजगोळे केले. पाच भाग चिकणमाती, तीन भाग कंपोस्ट, एक भाग बी, सगळीकडे सांगतात तेच प्रमाण. दोन दिवस सावलीत वाळवले. बेचक्या केल्या. पडीक प्लॉटच्या कुंपणाबाहेर उभं राहून असा काही मारा केला की विचारू नका. थोरल्याने नेम चुकवून एक गोळा माझ्याच पाठीत घातला. मजा भरपूर आली, पीक शून्य.

कारण नंतर कळलं. प्लॉटवर गुडघाभर गवत होतं. गोळे गवतावर अधांतरी राहिले, मातीला टेकलेच नाहीत. जे टेकले त्यांतले कोंब गवताच्या सावलीत गुदमरले असणार. बीजगोळ्याची कल्पना जगभर नेली ती जपानच्या मासानोबू फुकुओका यांनी. त्यात मातीचं काम एवढंच, की पाऊस येईपर्यंत पक्षी, उंदीर आणि मुंग्यांपासून बी राखायचं. गवताशी भांडायचं काम माती करत नाही.

अजून एक घोळ. धाकटीने एका गोळ्यात मूठभर बी कोंबलं होतं, ‘जास्त फुलं येतील’ म्हणून. तो एक गोळा गॅलरीच्या पन्हळीखाली पडून राहिला आणि तेवढाच उगवला. चाळीसेक कोंब एकमेकांच्या डोक्यावर, सगळे पिवळट, सगळे आठवड्यात मान टाकून. आता मी गोळ्यात तीन-चार बियांच्या वर जाऊ देत नाही. धाकटी मोजते आणि वर एक गुपचूप घालते.

*

वाऱ्यावर तरंगत येणाऱ्या रुईच्या बीला आम्ही लहानपणी म्हातारी म्हणायचो. पकडायची, कानात काहीतरी सांगायचं आणि फुंकून सोडायची. आज कळतंय, तेव्हापासून हेच करतोय. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

*

वरच्या बेचकीवाल्यांना: फेकण्यापेक्षा शिंपडणं बरं, हे मी सासूबाईंकडून शिकले.

त्यांचे गुडघे गेलेत, व्हीलचेअर आहे. आयुष्यभर बाग केलेली बाई खिडकीत बसून कुढायची. एकदा मी रिकाम्या मिरपूडदाणीत पॉपीचं आणि पोर्टुलाकाचं बी वाळूत मिसळून दिलं. एक भाग बी, चार-पाच भाग कोरडी वाळू. एवढं बारीक बी नुसतं टाकलं तर एकाच जागी ढीग होतो. वाळूमुळे ते पसरतं आणि कुठे पडलं ते दिसतंही. संध्याकाळी फिरायला निघालो की मी खुर्ची ढकलते आणि त्या दाणी हलवतात. ‘इथे थांब गं’, ‘इथे नको, कुत्री बसतात’, ‘ह्या कोपऱ्याला दोनदा दे’. हुकूम सगळे त्यांचे.

मला वाटायचं वर माती ओढायला हवी. त्यांनी हटकलं. ह्या दोन्ही बियांना उजेड लागतो, झाकलं की झोपतात. फक्त दाबायचं. मग खुर्चीचं मागचं चाक त्यावरून एकदा पुढे, एकदा मागे. फुटपाथच्या कडेने पोर्टुलाका आला तो बरोबर दोन चाकांच्या रेघांत, रुळांसारखा. त्यांनी फोटो काढायला लावला आणि आपल्या सगळ्या बहिणींना पाठवला.

*

मी दुभाजकवाला. आम्ही दोघं मित्र, आधी रात्री जायचो. टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, काळे कपडे. लंडनमध्ये रिचर्ड रेनॉल्ड्स २००४ साली आपल्या इमारतीसमोरचे उकिरडा झालेले वाफे रात्री जाऊन सजवायचा, ते वाचून अंगात आलं होतं. दुसऱ्याच रात्री पोलिसांची गाडी थांबली. ‘काय पुरताय?’ पिशवीतून झेंडूची रोपं काढून दाखवली. साहेब बराच वेळ आमच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘हे दिवसा करता येत नाही का?’

करता येतं! चमकणारं पिवळं जॅकेट घाला आणि भरदुपारी जा, कुणी हटकत नाही. उलट एका गृहस्थाने रस्त्यावरच्या खड्ड्यांची तक्रार आमच्याकडे केली. फक्त रहदारीचं भान ठेवा, दुभाजकावर रस्त्याला पाठ करून वाकू नका. एक जण खणतो, दुसरा गाड्या बघतो, यात चालढकल नाही.

खरा शत्रू गवत कापायचं यंत्र. सूर्यफुलं कंबरेला आली, कळ्या धरल्या, सोमवारी सकाळी जाऊन बघतो तर सगळं सपाट. चिडून काय उपयोग, त्या माणसाला ते तण दिसलं. पुढच्या खेपेला बी ओळीत पेरलं, कडेने विटांचे तुकडे लावले आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘पेरलं आहे’. म्हणजे मुद्दाम पेरल्यासारखं दिसू दिलं. यंत्रवाला आता वळसा घालून जातो. गेल्या वेळी त्याने बिया मागून नेल्या.

परवानगीचं विचाराल तर ते खरंच अवघड प्रकरण आहे. लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिनली यांनी २०१० साली घरासमोर, फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या पट्टीत भाज्या लावल्या, तर विनापरवाना लागवड म्हणून कारवाई झाली. पुढे लोकांनी आवाज उठवला आणि शहराने नियम बदलला. प्रत्येकाचं नशीब एवढं बरं नसतं.

*

सगळ्यांच्या उत्साहावर थोडं पाणी ओततो, माफ करा.

हिमालयातला एक तेरडा १८३९ साली शोभेचं झाड म्हणून ब्रिटनमध्ये नेला. त्याची शेंग तडकली की बी सात मीटरपर्यंत उडतं आणि एका झाडाला आठशेच्या आसपास बिया येतात. लोकांना तो आवडला, म्हणून हौसेने त्यांनीही पसरवला. आज तिथल्या नदीकाठांवर तो इतर झाडांना उभं राहू देत नाही, आणि दरवर्षी स्वयंसेवक तो उपटत बसतात. तेही तुमच्या-माझ्यासारखेच लोक होते, खिशात बी घेऊन फिरणारे.

‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून पाकिटं मिळतात, त्यांतली कितीतरी फुलं तुमच्या रानातली नसतात. मी स्वतः एक पाकीट उपडं केलंय. म्हणून आता दोनच बंधनं पाळतो. चालत जाता येईल एवढ्या अंतरातून गोळा केलेलं बीच टाकायचं, तेही झाडावरचं सगळं ओरबाडून न घेता. आणि ते टाकायचं माणसाने आधीच बिघडवलेल्या जागी: फुटलेलं काँक्रीट, राडारोडा, खोदून बुजवलेला चर. खऱ्या माळरानावर नाही. तो मोकळा दिसतो, पण रिकामा नसतो.

*

हे वाचून मला कबुली द्यावीशी वाटते. मी पाकिटातलं नाही, पण शेजारणीच्या वाफ्यात टाकलंय.

शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एलन विल्मॉट नावाची बाई होती, बागकामातली मोठी आसामी. आख्यायिका अशी की ती दुसऱ्यांच्या बागा बघायला जाताना खिशात एका काटेरी, रुपेरी फुलझाडाचं बी न्यायची आणि हळूच सोडायची. बाई निघून जायची, झाड मागाहून उगवायचं. त्याला आजही मिस विल्मॉटचं भूत म्हणतात. हे वाचल्यावर माझा हात शिवशिवणं साहजिकच होतं.

शेजारीण फार टापटिपीची. तिच्या वाफ्यात सगळं मोजूनमापून, लांबीला पट्टी. मी कुंपणावरून चिमूटभर नॅस्टर्शियम टाकलं. सहा आठवड्यांनी तिने मला बोलावलं, ‘बघा ना, आपोआप आलंय! मी काहीच केलं नाही!’ एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. आता दर वर्षी ती त्याचं बी राखते आणि मला अर्धं देते. सांगू की नको? चार वर्षं झाली.

*

सांगू नका.

*

आमचा खेळ फाशाचा. फासा टाकायचा, येतील तेवढी पावलं जायचं, पुन्हा टाकायचा, येतील तेवढ्या बिया सोडायच्या. सम आला तर डावीकडे, विषम आला तर उजवीकडे. जागा आपण निवडली की आपण हटकून सोपी, सुंदर जागा निवडतो. फाशाने आम्हाला ट्रान्सफॉर्मरच्या मागे नेलं, तिथे कॉस्मॉस सर्वांत उंच झाला. फाशाने आम्हाला तीनदा त्याच गटारावरही नेलं. चौथ्यांदा गेलो नाही.

*

घाई करणाऱ्यांसाठी. पी हळद नि हो गोरी असं बियांचं नसतं. विल्यम बील यांनी १८७९ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये वीस बाटल्यांत वाळू आणि बिया भरून पुरल्या. अधूनमधून एक बाटली उकरतात आणि पेरून बघतात. २०२१ मध्ये उकरली ती उजाडायच्या आत, अंधारात, जेणेकरून बियांना उजेडाचा धक्का बसू नये. एका शतकाहून जुनं त्यातलं थोडं बी उगवलं. विद्यापीठाचे लोक पहाटे काळोखात गुपचूप खणतायत, हे चित्र मला फार आवडतं.

माझं स्वतःचं एवढं मोठं नाही. मॉर्निंग ग्लोरीच्या बिया एका पायरीच्या फटीत टाकल्या, दोन वर्षं काही नाही, विसरून गेलो. तिसऱ्या वर्षी पायरी दुरुस्त करताना गवंड्याने तिथे छिन्नी मारली आणि पंधरवड्यात वेल वर आला. त्या बीचं कवच टणक, एरवी आपण काचपेपरने घासतो. माझ्यासाठी गवंड्याने घासलं, असं मी धरून चाललोय.

*

धागा काढणारी मीच. खिसा शिवला नाही. सासूबाईंच्या चाकाचं वाचून दाणी भरून घेतली, आणि चालत गोळा करायचं बंधन मान्य आहे.

ताजी बातमी: खांबाच्या बुडाशी आज दोन जाडसर, जोडीची पानं दिसली. जागा माझीच, गेल्या वर्षीची. गुलबाक्षी असेल, नाहीतर साधं तण. ही पहिली जोडी बीमधलीच असते, पुढची खरी पानं फुटेपर्यंत कळणार नाही. बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं आहे.