फ्लेवर्ड चहा चाखताना चव शब्दांत कशी पकडायची?

घोडबंदरकर
सॅम्पलर पाकिटात चार चहा आहेत: अर्ल ग्रे, जस्मिन ग्रीन, काश्मिरी कहवा आणि जास्वंद-आलं. पाकीट फोडलं की घमघमाट, कपात मात्र जेमतेम. ग्रीन तर कडूजहर होतो. आणि चारही प्यायले तरी ‘वास छान, थोडा कडू’ यापुढे शब्द सुचत नाहीत. सोसायटीत टँकरचं पाणी, घरात आरओ. स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे, थर्मामीटर नाही. दूध-साखर न घालता नेमकं कसं चाखायचं आणि काय टिपून ठेवायचं?

तुर्भे_मसाला
आधी कप सुधारा, शब्द नंतर.

प्रमाण १०० मिलीला २ ग्रॅम. घरातला मोठा मग ३०० मिलीचा असतो आणि पिशवीत पत्ती जेमतेम २ ग्रॅम, म्हणजे तिप्पट पाणचट. घमघमाट कपात न उतरण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. चमच्याने मोजू नका. अख्ख्या पानाचा चमचा दीड ग्रॅमही भरत नाही, बारीक दाण्याचा त्याच्या जवळपास दुप्पट भरतो. तुमचा काटा एक-एक ग्रॅमच दाखवत असेल तर १० ग्रॅम तोला आणि कागदावर पाच सारख्या ढिगल्या करा.

अर्ल ग्रेला उकळतं पाणी, ३ मिनिटं. जस्मिनला ८० अंश, २ मिनिटं. उकळतं पाणी ओतल्यामुळेच तुमचा ग्रीन कडू होतोय. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका गार भांड्यात ओता, मग दुसऱ्या. दर ओतण्याला साधारण ८-१० अंश उतरतात. कहवा जरा अडचणीचा: वेलची-दालचिनीला वेळ हवा, हिरव्या पानाला नको. ८५ अंश, ३-४ मिनिटं ही तडजोड. जास्वंद उकळत्या पाण्यात ६-७ मिनिटं खुशाल ठेवा, त्यात चहाचं पानच नाही. (पाकिटावर जास्वंद असलं तरी आत बहुधा लाल अंबाडीच्या बोंडावरची मांसल पानं असतात. एवढी आंबट, की दूध घातलं तर फाटेल.)

मुरताना कपावर बशी झाका. उचलली की आधी बशीच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब हुंगा. सुगंध तिथे सगळ्यात स्वच्छ कळतो. कप आतून पांढरा हवा, स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही.

पाणी: टँकरचं पाणी जड असलं तर चहावर तवंग धरतो आणि रंग मळकट येतो. उलट आरओने टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) फारच खाली नेला, २०-३० पर्यंत, तर चव सपाट. ५० ते १५० मध्ये ठेवा. बऱ्याच मशीनला त्यासाठी आत एक स्क्रू असतो, सर्व्हिसवाल्याला सांगा.

सायीवर_साय
शब्दांसाठी माझा एकच आग्रह: फ्लेवर्ड चहा एकटा चाखूच नका. शेजारी तोच चहा बिनवासाचा ठेवा. अर्ल ग्रेच्या बाजूला साधा काळा पत्तीचा, जस्मिन आणि कहव्याच्या बाजूला साधा ग्रीन. दोन्हींत सारखं असेल ते पानाचं, जास्तीचं असेल ते फ्लेवरचं. नुसत्या अर्ल ग्रेला ‘कडू’ म्हटलं तर तो दोष कोणाचा ते कसं कळणार?

मग नाक चिमटीत धरून घोट घ्या, गिळा, नाक सोडा. धरलेलं असताना आंबट, गोड, कडू, तुरट एवढंच कळतं. सोडल्यावर जे अचानक येतं तो सुगंध. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहा.

नवख्यांचा मोठा घोळ तुरट आणि कडू यांत होतो. कडू म्हणजे कारलं, मेथी. ते गिळल्यावर जास्त जाणवतं. तुरट ही चव कमी आणि पकड जास्त: कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर गालाची आतली बाजू ओढली जाते ती. चहात तुरटपणा असणारच, तो दोष नव्हे.

घोट मोठ्याने भुरका मारून घ्या. हवेबरोबर चहा तोंडभर पसरतो आणि वास मागून नाकात चढतो. व्यावसायिक चाखणारेही भुरकेच मारतात, त्यामुळे बशीतून पिणाऱ्या आजोबांना नावं ठेवू नका.

उपमा घरातल्याच शोधा. जस्मिन म्हणजे आपला मोगराच: रात्री उमलणाऱ्या कळ्यांमध्ये पत्ती ठेवतात, सकाळी फुलं काढून टाकतात, चांगल्या मालाला असं अनेकदा करतात. म्हणून पाकिटात सुकी फुलं दिसली की माल भारी, हा गैरसमज. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाच्या सालीचं तेल असतं, जवळची ओळख म्हणजे मोसंबीची साल. कहव्यासाठी एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून वेलची, दालचिनी, बडीशेप, ज्येष्ठमध थोडं-थोडं आणा आणि डोळे मिटून ओळखायचा सराव करा. ज्येष्ठमध मुद्दाम म्हणतोय. साखर नसताना घशात गोडवा रेंगाळला तर घटकांच्या यादीत ते शोधा.

एका बैठकीत तीनच चहा, हलक्यापासून उग्राकडे. मामलेदारची मिसळ खाऊन आला असाल तर त्या दिवशी राहू द्या. घरात फोडणी किंवा उदबत्ती चालू असेल तरीही.

कोपरी_पूल
वेळेबाबत थोडा मतभेद. तुलना करायची तर ३ मिनिटं कमी. आयएसओ ३१०३ या चाचणीच्या मानकात २ ग्रॅम, १०० मिली, उकळतं पाणी आणि ६ मिनिटं आहेत. तो पिण्याचा चहा नव्हे, पण सुगंधाखाली लपवलेलं हलकं पान त्यात उघडं पडतं.

आणि कप अर्धा ठेवून द्या. गरम असताना वरून मारलेला वास नाकात भरतो, कोमट होईपर्यंत बराचसा विरतो, मग उरतो तो मूळ चहा. स्वस्त मालाचं पितळ इथेच दिसतं.

पावसाळ्यात पाकीट उघडं ठेवू नका. ठाण्याच्या दमट हवेत पत्ती आठवड्यात मऊ पडते आणि कुबट लागते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, मसाल्याच्या कपाटापासून लांब. फ्रिजमध्ये नको. चहा शेजारचा वास ओढतो, मग जस्मिनला लसूण लागते.

सायीवर_साय
६ मिनिटं तुलनेच्या कपाला, मान्य. नवख्याने आधी ३ मिनिटांचा कप ओळखावा, नाहीतर सगळीच पानं ‘कडू’ म्हणून एका ओळीत बसतात.

घोडबंदरकर
सांगितल्याप्रमाणे केलं. नोंद तपासाल का?
अर्ल ग्रे. २ ग्रॅम, १०० मिली, उकळतं, ३ मिनिटं. वास: लिंबू. चव: कडक, कडवट. शेवट: फ्रेश.

सायीवर_साय
प्रमाण-वेळ लिहिली हे उत्तम. बाकी तीनही शब्द पोकळ आहेत. लिंबू म्हणजे रस, साल की पान? ‘कडक’ म्हणजे रंगाला काळा, तोंडाला दाट की गालाला तुरट? फ्रेश ही चव नव्हे, जाहिरात आहे. अशी नोंद चालेल:

कोरडी पत्ती: मोसंबीची साल नखाने ओरबाडल्यावर उडतो तो वास, मागे किंचित अत्तर. रंग: तांबूस, स्वच्छ. घोट: आधी हिरड्यांवर तुरट, कडवटपणा गिळल्यावर, थोडाच. दाटपणा मध्यम. शेवट: साल आधी जाते, ओल्या लाकडासारखं काहीतरी मिनिटभर राहतं. साध्या कपाशी तुलना: तुरटपणा दोन्हीकडे सारखा, म्हणजे तो पानाचा.

कोमट झाल्यावर काय उरलं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. कप अजून ओट्यावर आहे का?