प्रतिसाद: क्रूझच्या केबिनमधला रात्रीचा दिवा

ताई, सासूबाई रात्री उठल्या की बाथरूमच्या उजेडानं मुलं जागी होतील, ही तुमची काळजी रास्त आहे. बिनखिडकीच्या केबिनमध्ये मिट्ट काळोख असतो, साधा दिवाही डोळ्यांत घुसतो. निघण्याआधी बेळगावच्या खडेबाजारातून सेलवर चालणारा, हालचाल टिपून लागणारा मंद पिवळा दिवा घ्या. चुंबकवालाच बघा, केबिनच्या भिंती बहुधा पत्र्याच्या असतात. तो बाथरूमच्या आतच लावा, नाहीतर कुणी कुशीवर वळलं तरी पेटेल. आणि खाली लावा, कारण तिथला उंबरा उंच असतो. मला झोपेपेक्षा सासूबाईंच्या पायाचीच जास्त धास्ती वाटते. फ्लश हवेनं खेचणारा, आवाज होणारच. झाकण लावून, दार उघडायच्या आधी बटण दाबायला सांगा.