१२० सेंमी उंचीची प्रवाळ-टाकी: कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न: घरी प्रवाळांसाठी १२० सेंमी लांब, ७५ सेंमी रुंद आणि १२० सेंमी उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी बांधून घ्यायची आहे. सध्याची टाकी ६० सेंमी उंच आहे. काय बदलेल?

उत्तर १: प्रथम काच. उंची दुप्पट झाली की तेवढ्याच लांबीच्या काचेवरील पाण्याचे एकूण बल चौपट होते, त्यामुळे जाडी अंदाजाने न ठरवता रीतसर आकडेमोड करून घ्यावी. नुसते पाणीच सुमारे १,१०० किलो भरेल, आणि हा सारा भार एक चौरस मीटरहूनही कमी जागेवर येणार असल्याने स्थापत्य अभियंत्याने जमीन तपासल्याशिवाय टाकीची मागणी नोंदवू नये.

उत्तर २: माझी टाकी १०० सेंमी उंच आहे आणि तळाशी पडलेले प्रवाळ उचलायला मला अजूनही लांब चिमटा लागतो (खांद्यापर्यंत हात बुडवूनही उपयोग होत नाही). प्रखर प्रकाश मागणारी ॲक्रोपोरा वरच्या भागात आणि मंद प्रकाशावर भागवणारी मशरूम प्रवाळे तळाशी ठेवावीत, म्हणजे दिव्यांची शक्ती अवाजवी वाढवावी लागत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उंची ९० सेंमीवर आणून पुन्हा हिशेब मांडतो.

उत्तर १: तेच श्रेयस्कर. सम्पच्या (मुख्य टाकीखालच्या, पाणी गाळणाऱ्या छोट्या टाकीच्या) पंपाची निवडही चढाव, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे ते, मोजूनच करावी.