मदत हवी आहे : इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांना 'अन' कधी लावायचं आणि 'इन' कधी?

नमस्कार. मी सोलापूरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जाते. मुलगी सातवीला, सेमी-इंग्रजीत. मी स्वतः मराठी माध्यमातून दहावी झालेली, पण तिचा अभ्यास रात्री मीच घेते.

चाचणीत 'फ्लेमेबल'चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. तिनं 'इनफ्लेमेबल' लिहिलं आणि फुली मिळाली. तिचं म्हणणं, करेक्टचं इनकरेक्ट होतं, व्हिजिबलचं इनव्हिजिबल होतं, मग हे का चुकलं? मला उत्तर देता आलं नाही. रविवारी पुणे रोडला पाकणीकडून येणारा टँकर पुढं होता, मागं लाल अक्षरांत 'हायली इनफ्लेमेबल'. लेक म्हणाली, "आई, पेट्रोल पेटत नाही असं कसं लिहिलंय?"

नंतर कळलं, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. न पेटणारं म्हणजे 'नॉनफ्लेमेबल'. बरोबर शब्द वहीत लिहून दिला असता तर पोरीचं रडणं वाचलं असतं. नुसत्या फुलीनं काय शिकणार ती?

एक गोष्ट मात्र शिकवताना मला सापडली. लीगलचं इनलीगल न होता इल्लीगल का होतं, रेग्युलरचं इर्रेग्युलर, पॉसिबलचं इम्पॉसिबल? मला शाळेतली संधी आठवली. उत् + लेख = उल्लेख. पुढं ल आला की त् सुद्धा ल होतो. तसाच इनमधला न पुढच्या अक्षरासारखा वळतो. हे सांगितल्यावर तिनं दहा शब्द एका दमात बरोबर लिहिले.

पण हॅपीचं अनहॅपी आणि ह्युमनचं इनह्युमन, हे कसं ओळखायचं? पाठ करण्याशिवाय काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १
ताई, संधीची तुलना अगदी बरोबर आहे. 'अन' हा इंग्रजीचा घरचा, 'इन' लॅटिनमधून आलेला. म्हणून रोजच्या साध्या शब्दांना बहुधा अन लागतो : अनकाइंड, अनफेअर, अनट्रू. शेवटी 'एड' किंवा 'इंग' असेल तर जवळजवळ नेहमीच अन : अनफिनिश्ड, अनएंडिंग. शेवटी 'इबल' असेल तर बहुतेक इन : इनव्हिजिबल, इनक्रेडिबल. अपवाद आहेत, पण निम्मं ओझं उतरतं.

इनफ्लेमेबलमधला इन नकाराचा नाहीच. 'पेटवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो अख्खा शब्द आला. लोक उलटा अर्थ घेतील या भीतीनं अमेरिकेत १९२० च्या दशकापासून अग्निसुरक्षेची माणसं 'फ्लेमेबल'च लिहा म्हणू लागली. 'इनव्हॅल्युएबल'ही असाच फसवा. मूल्य आणि अमूल्य हे जसे विरुद्धार्थी नाहीत, तसंच ते.

धागाकर्ती
खूप आभार, दादा. अमूल्यचं उदाहरण तिला लगेच पटलं. आमच्या खोक्यांवर 'अनब्लीच्ड' छापलेलं असतं, तेही तुमच्या 'एड'च्या नियमात बसलं. ती आता जेवताना विचारतेय : 'अनेबल' म्हणतात, मग त्याचंच नाम 'इनॅबिलिटी' का? 'अनस्टेबल' आणि 'इनस्टॅबिलिटी'चंही तसंच. हे कुणी समजावून सांगेल का?