'कॅलिगारी'चं बंड नक्की कुणी मोडलं?

भिंगरी
रॉबर्ट वीनंचा 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' (जर्मनी, १९२०) काल पुन्हा पाहिला आणि शेवटावर पुन्हा चिडले. पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा, सगळं फोडणार आहे.

होल्स्टनवाल गावच्या जत्रेत कॅलिगारी नावाचा म्हातारा झोपेत चालणाऱ्या सेझारेला पेटीतून उठवतो आणि भविष्य सांगायला लावतो. रात्री तोच सेझारे मालकाच्या हुकमावरून खून पाडतो. मित्र मेला म्हणून फ्रान्सिस माग काढतो, तर म्हातारा वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख निघतो! महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. हुकूम आला की मारणारी, मरणारी पोरं घरोघरी होती. सेझारे दुसरा कोण? लेखकांपैकी हान्स यानोवित्स त्याच युद्धातून शांततावादी होऊन परतलेला.

आणि शेवटी काय, तर गोष्ट सांगणारा फ्रान्सिसच रुग्ण आणि डॉक्टर देवमाणूस. आमचा विरोध डावलून ही चौकट (मूळ गोष्टीच्या आधी-नंतरचे, ती सांगणाऱ्याचे प्रसंग) चिकटवली, असं यानोवित्सनं पुढे सांगितलं. चित्रपट-अभ्यासक झिगफ्रीड क्राकावरनं १९४७च्या 'फ्रॉम कॅलिगारी टू हिटलर' या पुस्तकात तोच धागा धरला: सत्तेविरुद्धची क्रांतिकारी गोष्ट उलटी करून तिला आज्ञाधारक बनवलं. मला हे शंभर टक्के पटतं.

आडवाफाटा
मला नाही पटत. क्राकावर लिहीत होता तोवर हिटलर येऊन गेलेला. निकाल माहीत असताना पेपर तपासल्यासारखं आहे ते.

मूळ पटकथेची एक प्रत कॅलिगारीचं काम करणाऱ्या वेर्नर क्राउसकडे राहिली होती, ती १९९५ साली छापून आली. तिच्यातही चौकट आहेच! बऱ्याच वर्षांनंतर फ्रान्सिस आणि त्याची प्रेयसी जेन लग्न करून सुखात आहेत आणि गच्चीत बसून पाहुण्यांना जुनी हकीकत सांगताहेत. 'आमच्या वेळी गावात काय झालं माहितीये?' म्हणणारे काका-काकू. यात क्रांती कुठे दिसली?

भिंगरी
काका-काकू चालतील हो. त्या चौकटीत डॉक्टर गुन्हेगारच राहतो ना! पडद्यावरच्या चौकटीत तो सुटतो. चौकट आहे की नाही हा वादच नाहीये, ती कुणाच्या बाजूची आहे हा आहे.

खिडकी_क्र_४
राजकारण बाजूला ठेवून एक प्रसंग आठवा. जत्रेत खेळ लावायला परवाना हवा म्हणून कॅलिगारी कचेरीत जातो. कारकून हा एवढ्या उंच स्टुलावर चढून बसलेला. म्हातारा वाकून वाकून बोलतोय आणि साहेब खेकसताहेत. त्याच रात्री कारकून खलास. कॅलिगारी म्हणजेच सत्ता, तर तो टोपी हातात घेऊन का उभा? (सरकारी नोकरीत जन्म गेला, मला त्या स्टुलाची भीती सेझारेपेक्षा जास्त वाटली.)

आडवाफाटा
+१. स्टूल जबरी आहे.

रंगाचा_डबा
दोघंही कागदावर भांडताय, पडद्याकडे कुणी बघतच नाहीये. हेरमान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग या तिघांनी ते वाकडंतिकडं गाव रंगवलं. सावल्यासुद्धा ब्रशनं काढलेल्या. रूढ समजूत अशी की फ्रान्सिस वेडा, म्हणून त्याच्या गोष्टीतलं जग वाकडं. बरं, मग गोष्ट संपल्यावर भिंती सरळ व्हायला नकोत? इस्पितळाचं अंगण जसंच्या तसं आहे, मधल्या बिंदूपासून चहूकडे फुटणारे जमिनीवरचे तेच पट्टे. 'शहाण्यांचं' जगही तसंच वेडंवाकडं.

आणि डॉक्टर. फ्रान्सिसला तपासायला चष्मा लावतो, तर क्षणभर थेट कॅलिगारी दिसतो. चष्मा काढून मवाळपणे म्हणतो की आता याला बरं कसं करायचं ते मला कळलं. मला हा दिलासा वाटत नाही, अंगावर काटा येतो. निर्मात्यांनी बंड मोडायचं ठरवलं असेलही, जमलेलं नाही.

आडवाफाटा
किंवा नवीन सेट उभारायचे पैसे वाचवले असतील. :) प्रत्येक काटकसरीत बंड शोधू नका.

रंगाचा_डबा
भिंतीचं एकवेळ मान्य. चष्म्याला कितीसे पैसे लागतात?

भिंगरी
रंगाचा_डबा, तुमचं वाचून शेवटची दहा मिनिटं परत लावली. अंगणाचं खरं आहे, इतक्यांदा पाहून माझ्या लक्षात आलं नव्हतं. चौकटीवरचा राग मात्र कायम, तो क्राकावरवर ढकलत नाही, माझाच आहे.

एक आणखी दिसलं. त्या अंगणात सेझारे भिंतीपाशी उभा राहून हातातलं फूल कुरवाळतोय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि फ्रान्सिस शेजारच्या म्हाताऱ्याला घाबरून बजावतोय, याला भविष्य विचारू नका, मराल.